मोगलाईतलं इमान

आमच्याकडे आजीला मोठीमाय म्हणतात. माझ्या मोठीमायच्या तोंडून 'विमान' हा शब्द मी कधी ऐकला नाही. ती 'इमान' म्हणायची. आभाळात घरघर झाली की तव्यावरची भाकरी तशीच टाकून ओसरीवर यायची, कपाळावर आडवा हात धरायची आणि म्हणायची, "आलं बग इमान." पाचवीत असताना मी तिला सुधारायला गेलो. इमान म्हणजे सचोटी, मोठीमाय. वर उडतं ते विमान. तिने भाकरी उलटली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुजं इमान तुज्याजवळ ठिव, माजं वर उडू दे."

आमचं गाव मांजरसुंब्याचा घाट चढून गेल्यावर, बालाघाटाच्या पठारावर. मुरमाड रानं, बाजरी, कापूस, आणि दर दोन-तीन वर्षांनी दुष्काळ. बीडला विमानतळ नाही. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे आली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ ला. परळीला निजामाच्या काळापासून गाडी होती, पण परळी आम्हाला दूर. त्यामुळे इथल्या चार पिढ्यांनी आगगाडीच्या आधी विमान पाहिलं, तेही खालून. पोट पाहिलं, पंख पाहिले, आवाज ऐकला. त्यात कोण बसलंय, कुठं चाललंय, हे कुणी कधी सांगितलं नाही. न सांगितल्यामुळे गोष्टी तयार झाल्या, आणि त्या आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, आम्हाला माळवदावर झोपवताना सांगितल्या.

आबा गोष्ट सुरू करायचे ती 'मोगलाईत' या शब्दाने. निजामाच्या मुलखाला सगळे मोगलाईच म्हणत. पलीकडची ती इंग्रजी हद्द. आष्टी-पाटोद्याकडून नगर जिल्ह्यात जायचं तर मध्ये करोडगिरीचा नाका. तिथं झडती, जकात, आणि शिपायाच्या मिशीला तूप. पैसाही वेगळा. आपल्याकडे हाली सिक्का, जामखेडच्या बाजारात कलदार. शाळा उर्दूतून, कचेरी उर्दूतून, घरात मराठी. ८२ हजार चौरस मैलांहून मोठं संस्थान, दीड कोटीवर वस्ती, आणि एक बोट समुद्र नाही. पूर्वी होता. अठराव्या शतकात 'उत्तर सरकार' नावाच्या प्रांताचा किनारा इंग्रजांनी काढून घेतला, तेव्हापासून निजामाचं राज्य चारी बाजूंनी परक्या जमिनीने वेढलेलं. भूगोलाच्या पुस्तकात बेट म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन. आबांच्या पिढीला बेट कळायला पाणी लागलं नाही.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर तर हे बेट अधिकच उठून दिसायला लागलं. आजूबाजूला स्वतंत्र भारत, मध्ये निजामाची आसफजाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला, आणि तो सही वाळायच्या आत दोन्ही बाजूंनी मोडायला सुरुवात झाली. नाकेबंदी आली. पेट्रोल, औषधं यांची टंचाई मोठ्या लोकांची; आमच्या घरात आठवण राहिली ती मिठाची. मोठीमायचं लग्न नुकतं झालेलं, वय तेरा. सासू तिला मिठाचे खडे मोजून द्यायची. पाहुणा आला की कालवणात मीठ, घरच्यांना अळणी. एकदा तिचा दीर रातोरात हद्द ओलांडून नगरकडून मिठाचं गाठोडं घेऊन आला आणि येताना ओढ्यात पडला. पायजम्याचं पाणी पिळून कालवणात घातलं, असं ती सांगायची. हे खरं मानायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

ज्या राज्यात मिठाची ही गत, त्या राज्याचा विमानांशी संबंध मात्र फार जुना आणि फार थाटाचा. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, निजामाने इंग्रजांना बॉम्बफेकी विमानं भेट दिली. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीची ही विमानं. त्यांच्यावर हैदराबादचं नाव रंगवलेलं होतं, आणि तुकडीच्या नावापुढेच कंसात 'हैदराबाद' लागलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. १५२ क्रमांकाची तुकडी, स्पिटफायर विमानं, इंग्लंडच्या आभाळात जर्मनांशी लढणारी. तिच्या बोधचिन्हावर चक्क निजामाची पगडी आहे, आणि ब्रीदवाक्याचा अर्थ 'इमानी दोस्त'. इंग्रज सरकारने निजामाला दिलेला किताबच तो. यार-ए-वफादार.

हे वाचलं तेव्हा मला मोठीमायची भाकरी आठवली. निजामाने आपलं इमान इमानं देऊनच दाखवलं होतं. त्यासाठीचा पैसा ज्या सारावसुलीतून आला, तीत बालाघाटावरच्या मुरमाड रानांचाही वाटा असणारच. पण बीडच्या कुणा कुणब्याला आपल्या बाजरीचं चाक इंग्लंडवर फिरतंय याचा पत्ता नव्हता. घाटातला रस्ता तेव्हा कच्चा होता.

बेटाला बंदर लागतं. निजामाचा डोळा गोव्याच्या बंदरावर होता, पोर्तुगीजांशी बोलणी व्हायची, पण मध्ये परक्याची जमीन. मग उरलं आभाळ. हैदराबादेत बेगमपेठचं विमानतळ १९३०च्या दशकात उभं राहिलं. १९४५ साली डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. मोठा वाटा निजामाच्या रेल्वेचा, धाकटा टाटांचा. डकोटा जातीची विमानं, युद्धात सामान वाहिलेली. या कंपनीची एक गोष्ट मला फार आवडते. १९४७ मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवणाऱ्या प्रेम माथुर यांना बाई म्हणून ठिकठिकाणी नकार मिळाला, तेव्हा नोकरी दिली ती डेक्कन एअरवेजने. पडदानशीन राज्य म्हणून ज्याची टिंगल व्हायची, त्याच्याच कंपनीने. १९५३ साली सगळ्या कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि तीही इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळली.

पण आबांच्या गोष्टीतलं इमान हे नव्हे. मुंबई-हैदराबादची सरळ रेघ नकाशावर ओढली तर ती बार्शीच्या अंगाने जाते. आमच्यापासून वीस-पंचवीस कोस लांब. ती विमानं दिवसा जायची, आणि वेळेवर. आबांचं इमान रात्रीचं होतं.

"पाऊस ओढ देऊन बसला हुता," ते सांगायचे. "उकडायचं म्हून आम्ही सारे माळवदावर. मध्यान रात उलटली की आवाज यायचा. दिवा न्हाई, कंदील न्हाई. चांदण्या झाकत जायच्या न् उघडत जायच्या. तेवढ्यावरून कळायचं की वर कायतरी हाय. एका अंगाने यायचं, दुसऱ्या अंगाला जायचं. पहाटं परत." गावचा पाटील म्हणे, निजामाचं इमान, हत्यारं आणायलंय. तांबोळ्याचा म्हातारा म्हणे, कराचीहून येतंय. बायका म्हणत, पटकीची साथ टाकायलेत. लहान असताना मला सगळ्यात पटलेली शक्यता पटकीची.

खरा ठरला तांबोळी. त्या विमानांच्या मागे सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन होता. या माणसाचं चरित्र म्हणजे तीन माणसांची चरित्रं एकात शिवल्यासारखी. पहिल्या महायुद्धात वैमानिक असताना, तेलाने माखलेल्या डगल्यात आपल्याला थंडी वाजत नाही हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने १९१७ साली वैमानिकांसाठी 'सिडकॉट' नावाचा अंगरखा तयार केला. पुढं वर्षानुवर्षं वैमानिक तो घालत. १९३९ मध्ये उद्योगपती म्हणून जर्मनीत हिंडताना विमानाच्या पोटात कॅमेरे दडवून लष्करी ठाण्यांचे फोटो काढले. आणि १९४८ च्या मध्यावर हैदराबाद संस्थानाशी करार करून कराचीहून हत्यारं आणायला सुरुवात केली. लँकॅस्टर या बॉम्बफेकी विमानाचं नागरी रूप, लँकॅस्ट्रियन, हे त्याचं वाहन. उतरायचं बीदरला, वरंगळला. रात्री आभाळात विमान हुडकून खाली उतरवायची सोय भारतीय हवाई दलाकडे तेव्हा नव्हती, त्यामुळे तक्रारी कागदावर चालू राहिल्या आणि विमानं आभाळात. नंतर लंडनच्या न्यायालयाने कॉटनला दंड केला २०० पौंड. एवढ्या उद्योगाला एवढासा दंड! आडनाव कॉटन, आणि धाड घातली कापसाच्या मुलखावर. आमच्या जिनिंगवाल्यांनी नोंद घ्यावी.

हे सगळं मला आबा गेल्यानंतर कळलं. एका संध्याकाळी पोराचा ॲटलास समोर होता. त्याचीच कंपासपेटीतली पट्टी घेतली, एक टोक कराचीवर ठेवलं, दुसरं बीदरवर. आणि पट्टी सरकू नये म्हणून अंगठा दाबून बघत बसलो. रेघ कच्छवरून गुजरातेत शिरते, खंबायतचं आखात ओलांडते, नाशिक-नगरवरून येते, आणि मोगलाईत पाय ठेवल्यावर बीड शहराच्या डोक्यावरून जाऊन अंबाजोगाईला घासून बीदरला पोचते. आमचं गाव त्या रेघेच्या दोन भाताच्या शितांइतकं खाली. पोराने विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, आबांचं माळवद.

आता हत्यारं चोरून नेणारा वैमानिक पट्टीच्या कडेने चालत नाही, हे मलाही कळतं. वाट वाकडी करणं हाच त्याचा धंदा. पण आबांनी बाहेरचा नकाशा कधी पाहिला नव्हता, आणि आवाज एका अंगाने येऊन दुसऱ्या अंगाला जायचा असं सांगताना त्यांचा हात नगरकडून उचलला जायचा आणि अंबाजोगाईकडे पडायचा. दरवेळी. गोष्टीतले बाकीचे आकडे दरवेळी बदलत. हात बदलला नाही.

दिवसाचं इमान आलं १३ सप्टेंबर १९४८ ला आणि नंतरच्या चार दिवसांत. ११ तारखेला कराचीत जिना वारले होते; १३ ला पहाटे भारतीय फौजा चहूकडून संस्थानात शिरल्या. जनरल जयंतोनाथ चौधरींची मुख्य फौज सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेने, दुसरी एक औरंगाबादच्या रोखाने. पुण्याहून उडालेल्या टेम्पेस्ट विमानांनी बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले. म्हणजे बेटाची बंदरं आधी बुजवली. सरकारी नाव ऑपरेशन पोलो. आमच्याकडे अजून 'पोलीस ॲक्शन', आणि म्हातारी माणसं जन्मसाल सांगतात तेही 'ॲक्शनच्या आधल्या साली' असं.

भादव्यातली बाजरी कणसावर आलेली. आबा तेव्हा सोळाचे, रानात माळ्यावर बसून गोफणीने पाखरं हाकत होते. शेजारच्या वावरात त्यांचा चुलतभाऊ, आमचे तात्या. तोही माळ्यावर. पश्चिमेकडून विमानं आली. कधी दोन, कधी चार. एका दिवाळीत फटाक्यांच्या भरात आबांनी नऊ सांगितली होती. ती इतकी खालून गेली की बाजरी एका अंगाला लवली आणि रानातली सगळी पाखरं एकदम उठली. आबा माळ्यावर उपडे पडले. तात्या उभे राहिले, गोफणीत गुंडा घातला, डोक्याभोवती तीन गरके दिले आणि सोडला. गुंडा विमानाला लागला नाही हे सांगायला नको. तो मागच्या वावरात बांधलेल्या म्हशीला लागला. भारत सरकारची फौज जालन्याकडून खाली सरकत होती, संस्थानाचा अंमल घटकेला आला होता, आणि आमच्या दोन घरांत म्हशीच्या शिंगावरून जे भांडण लागलं ते १९५२च्या निवडणुकीपर्यंत पुरलं.

तात्यांना पुढे कुणीतरी विचारलं, ती तर आपली विमानं होती, गुंडा का मारला? तात्या म्हणाले, "आपली हायती हे त्यांनी खाली येऊन सांगाया नको?"

अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. जुनी घोडदळाची छावणी. स्वामी रामानंद तीर्थांनी तिथल्याच योगेश्वरी शाळेत मुलं शिकवली, आणि पुढं त्याच मुलांच्या पिढीतून सत्याग्रही निघाले. त्या मोमिनाबादेत तिसऱ्या गोलकोंडा लान्सर्स तुकडीने नावापुरता विरोध केला आणि शरण आली. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. गावात बातमी आली ती परळीहून आलेल्या बैलगाडीबरोबर.

इथवर आबा रंगून सांगायचे. मग बिडी पेटवायचे. आम्ही विचारायचो, पुढं? ते म्हणायचे, पुढं काय, स्वातंत्र्य. बराच मोठा झाल्यावर एकदा मी सहज विचारलं, तांबोळ्याचा म्हातारा कुठं गेला? आबांनी बिडी विझवली आणि म्हशीला पाणी दाखवायला उठले. पाणी तासाभरापूर्वीच दाखवलं होतं. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी केलेले अत्याचार मराठवाड्याने शाळेत, भाषणात, पुस्तकात नीट जपून ठेवले, आणि ते जपायलाच हवे होते. ॲक्शननंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते मात्र माळवदावरच्या गोष्टींत आलं नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज केला, आणि तो अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. आमच्या गावात तांबोळ्याचं घर होतं ती जागा आता ग्रामपंचायतीची आहे. एवढंच मला ठाऊक.

मोठीमाय ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने संपवायची. तिला कुणीतरी वर्तमानपत्रातला फोटो दाखवला होता. फेब्रुवारी १९४९, बेगमपेठचं विमानतळ, सरदार पटेल विमानातून उतरलेत आणि समोर निजाम हात जोडून उभा. "कवा कुणाला आनायला न गेलेला मानूस," ती म्हणायची, "इमानाम्होरं आला." यातलं इमान कोणतं हे मी तिला विचारलं नाही. पाचवीतला शहाणपणा एव्हाना ओसरला होता.

त्यानंतर कितीतरी वर्षं आभाळातलं विमान म्हणजे उंचावरची पांढरी रेघ. निवडणुकीत हेलिकॉप्टर यायचं, शाळेच्या मैदानावर चुना टाकून गोल काढायचे, धुळीने गुरुजींचा फेटा उडायचा, भाषणाला जेवढी माणसं त्याच्या दुप्पट हेलिकॉप्टरला. ते सोडलं तर आमच्या वाट्याला खास आमच्यासाठीचं विमान आलं ते २०१५ च्या ऑगस्टमध्ये. दुष्काळाचं साल. कृत्रिम पावसासाठी औरंगाबादेत रडार बसलं, चिकलठाण्याहून छोटं विमान उडायला लागलं. पंखांना नळकांड्या लावलेल्या. ढग उबदार असेल तर त्याच्या बुडाशी मिठाचे बारीक कण सोडायचे, गार असेल तर सिल्व्हर आयोडाइडचे. कणाभोवती वाफ गोळा होते, थेंब जड होतो, पडतो. ढगच नसेल तर विमान काही करू शकत नाही, हे मात्र गावोगाव कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे विमान फिरलं की ढग पांगतात, पाऊस दुसऱ्या जिल्ह्यात पळवतात, अशी बोलवा. लोक खरोखर चिडलेले.

मी मोठीमायला शास्त्र समजावून सांगितलं. ती ऐंशीच्या पुढची, खाटेवर बसून शेंगा फोडत होती. सगळं ऐकून घेतलं. मिठापाशी तिचा हात थांबला.

"मीठ?"

"होय. बारीक करून."

"आमाला खडा मिळंना तवा कुनी इमानातून मीठ टाकलं न्हाई," ती म्हणाली. "आता ढगात टाकायलेत व्हय?"

पुढच्या साली, २०१६ च्या सप्टेंबरात, मी पहिल्यांदा चिकलठाण्याहून हैदराबादला विमानाने गेलो. आबा एकदा जमिनीच्या दाव्यासाठी हैदराबादला गेले होते. बैलगाडीने परळी, परळीहून गाडीने विकाराबाद करत, कचेरीत तीन मुक्काम, एकूण नऊ दिवस. माझं सव्वा तासाचं काम. छोटं विमान, पंख खिडकीच्या वर, त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसायचं. मी खिडकीची जागा मागून घेतली होती. औरंगाबाद-हैदराबाद रेघ माजलगाववरून जाते, हे पट्टीने आधीच बघून ठेवलेलं. त्या साली पाऊस झाला होता. माजलगावच्या धरणाचं पाणी दिसलं, सिंदफणा दिसली, मग तुकड्या-तुकड्यांची हिरवी-तांबडी जमीन. उजवीकडे लांब बालाघाटाची निळी कड असावी, ढगांनी झाकलेली. गाव कुठलं, रान कुठलं, काही ओळखू येईना. शेजारचा माणूस झोपला होता. विमानाचा आवाज सतत होता, पण लहानपणी माळवदावर ऐकलेला, लांबून येऊन लांब जाणारा आवाज इथे नव्हता. तो ऐकायला खाली असावं लागतं.

शमशाबादला उतरल्यावर घरी फोन लावला. धाकट्या भावाने तो मोठीमायच्या कानाला धरला.

"पोचला का? इमान नीट हुतं?"

"नीट होतं."

"वरून आपलं गाव दिसलं?"

दिसलं म्हणालो. एवढी बेइमानी माफ असावी.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आन् बाजरी कशी हाय वरल्या वावरातली? पाखरं बसली हुती का तिच्यावर?"